तीस खिडक्यांचा रमजान

माझ्या भावाला, अकबरला, अबू धाबीत बसून रत्नागिरीतला संसार चालवायची खोड आहे. पत्रातून, कॅसेटमधून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवलेल्या चिठ्ठ्यांमधून तो हुकूम सोडतो आणि इथे माझी भाबी आसिया ते मुकाट्याने पार पाडते. मुकाट्याने हेच मला बघवत नाही. माझं सासरही आमच्याच गावात, कर्ल्यातच, माहेरच्या परसदाराच्या दगडी गडग्यापलीकडे. त्यामुळे जे काही चालतं ते माझ्या नाकासमोर चालतं आणि बहुतेक वेळा मला त्यात ओढलं जातं.

आसिया दापोलीकडची. दहावी पास, हात शिवणात चांगला, अक्षर मोत्यासारखं. लग्नानंतर पंचेचाळीस दिवसांनी नवरा आखातात परत गेला आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी चाळीस दिवसांसाठी येतो. दहा वर्षांत ती त्याच्याबरोबर सगळे मिळून सहा-सात महिने राहिली असेल. त्याच्या घरावर स्लॅब घालणं, त्याच्या आईचं शेवटचं आजारपण, दोन बाळंतपणं, लाइटीचं मीटर जळलं तेव्हा ऑफिसात सहा खेपा, सगळं तिने केलं. मी मात्र उर्दू शाळेत दिवसभर चाळीस पोरं हाकते, संध्याकाळी घरी येते तेव्हा माझा पारा आधीच चढलेला असतो. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला वाईट म्हणायला नको.

ही गोष्ट २००० सालच्या रमजानची. त्याच्या दोन वर्षं आधी अकबर सुट्टीवर आला होता तेव्हा त्याची धाकटी मनाल दोन वर्षांची होती. तिने बापाला त्याआधी पाहिलेलंच नव्हतं. चाळीस दिवस ती त्याच्याकडे फिरकली नाही. तो खोलीत आला की किंचाळायची, म्हणून तो बिचारा स्वतःच्या घरात ओटीवर झोपायचा. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. मनाल आईच्या कडेवर होती. तिथून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आता जा." आम्ही सगळे हसलो. अकबरही हसला. पण रिक्षा वळताना मला त्याचं तोंड दिसलं आणि ते आठवलं की मला आजही बरं वाटत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मनाल फोनवर आली नाही. रिसीव्हर कानाला लावला की तोंड फिरवायची.

त्या रमजानला तो ईदच्या दोन दिवस आधी पोचणार होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच ईदला घरी. रमजान सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा राजापूरचा झुबेर, जो त्याच्याच खोलीत राहतो, सुट्टीवर आला आणि एक लांबलचक गुंडाळी आणि एक कॅसेट देऊन गेला. कॅसेट आम्ही लावली. अकबर ज्या गोऱ्या इंजिनीयरकडे ड्रायव्हर आहे, त्याच्या घरी म्हणे दर डिसेंबरात भिंतीवर एक जाड कागद लागतो. नाताळपर्यंतच्या दिवसांच्या त्याला चोवीस छोट्या खिडक्या. पोरं रोज एक उघडतात. आत कधी चॉकलेट, कधी एखादं काम लिहिलेलं: आजीला पत्र लिहा, सगळ्यांनी मिळून बिस्किटं भाजा. शाळेत सोडताना गाडीत पोरं अकबरला रोजच्या खिडकीची बातमी देतात.

"त्या पोरांचा बाप रोज सांजचा घरी असतो," कॅसेटमधून अकबर म्हणाला. "तरी त्यांना एवढा सगळा. माझ्या पोरांना तर पायजेच. रोज एक खिडकी उघडायची आणि पोरांना सांगायचा, हे अब्बांनी लिवलाय. मी येईपर्यंत मनालला कळू दे बाप कोण तो. आसिया, एक पण दिवस चुकवू नको. परत ओटीवर झोपायला लागला तर मी पुढच्या येळी येणारच नाय."

शेवटचं तो हसत बोलला होता. भाबीने कॅसेट मागे नेऊन तेवढंच पुन्हा ऐकलं, आणि ती हसली नाही.

गुंडाळी उघडली तर आणखी मजा. त्याने ब्लेडने कापून तीस खिडक्या केल्या होत्या, त्यावर आकडे घातले होते, रंगीत पेनाने चांद-तारे काढले होते. मात्र चिकटवायला कुठला तरी गोंद वापरला होता आणि प्रवासात तो वितळून सगळ्या खिडक्या गच्च बसल्या होत्या. भाबीने सुरीच्या टोकाने एकेक उचकटली. म्हणून ज्या खिडक्या रोज एक उघडायच्या, त्या तीसच्या तीस आम्ही एका संध्याकाळी वाचल्या.

मी कपाळाला हात लावला.

पहिली खिडकी: परसातल्या रामफळाखाली चटई टाकून इफ्तार करा. ते रामफळ दोन पावसाळ्यांपूर्वी न्हाणीघराच्या पत्र्यावर पडलं होतं. चौथी: हलिमा खालाला फिरनीची वाटी नेऊन द्या. हलिमा खाला, आमची मावशी, वारून दीड वर्ष झालं होतं. सहावी: उमेरला बुटाची नाडी बांधायला शिकवा. उमेर चौथीत, वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या नाड्या तोच बांधतो. नववी: बाबांच्या मचव्यात पोरांना बसवून खाडीत एक फेरी. आमच्या वडिलांचा मचवा किनाऱ्यावर कुजून त्याच्या फळ्या लोकांनी चुलीत घातल्याही होत्या. तेरावी: मनालला झोळीत घालून तिला माझं नाव सांगा. चार वर्षांची घोडी ती, झोळी फाटली असती!

"ह्याला फोन लाव," मी म्हटलं. "सांग, झाड पडलं, मचवा गेला, खाला गेली, पोरं मोठी झाली. डोक्यातलं घर बदल म्हणावं आधी."

"फोनवर तीन मिन्टं असतात गो," भाबी म्हणाली. "त्यात झाड पडल्याचं कोण सांगतं?"

"खालाचं तर सांगितलं होतं!"

"सांगितला होता. इन्ना लिल्लाह पण म्हणाले. मंग विसरले. त्यांनी जनाजा पाह्यला नाय ना."

मी म्हटलं, फेकून दे हा कागद, पोरांना सांग अब्बा ईदला येतायत, खाऊ आणतायत, संपलं. उमेरच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून भाबीने त्याच्या चौकोनांच्या मापाच्या चिठ्ठ्या कापल्या. वाटीभर भाताची खळ केली. अकबरच्या लिहिण्यावर तिने आपल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, वरून खिडक्या परत लावल्या आणि तो कागद ओटीच्या भिंतीवर टांगला. मला म्हणाली, "रोज काय करायचं ते सुचव. तू मास्तरीण हायस."

झालं. शाळेतल्या चाळीस पोरांनंतर आता घरी आणखी तीस दिवसांचा अभ्यासक्रम.

एकदा सुरुवात झाली आणि आमच्या नाकी नऊ आले. पहिल्या दिवशी रामफळाऐवजी गच्चीवर इफ्तार केली, खजुराचं ताट कावळ्याने उलटवलं. चौथ्या दिवशी फिरनीची, म्हणजे तांदळाच्या खिरीची, वाटी येसूबाईकडे गेली. येसूबाई आमच्या शाळेत पूर्वी शिपाई होती, पलीकडच्या बौद्धवाडीत एकटी राहते. वाटी नेताना उमेर आणि मनाल यांची वाटी कोणी धरायची यावरून जुंपली आणि अर्धी फिरनी गडग्यावर सांडली. येसूबाईने उरलेली खाल्ली आणि म्हणाली, "अकबरला म्हणावं, म्हातारीची आठवण ठेवलीस, बरं वाटलं." मी भाबीकडे बघितलं. ती पदर नीट करत होती.

उमेरला संशय आला होता. "हे अम्मीचं अक्षर आहे," तो सहाव्या दिवशी म्हणाला. भाबीने डोळ्याची पापणी लवू न देता सांगितलं, "अब्बा सांगतात, मी लिवते." हे खोटं तिला इतकं सहज जमलं की मला तिची भीतीच वाटली.

खरी तारांबळ शुक्रवारी व्हायची. शुक्रवारी अकबरचा फोन. तो आपल्या डोक्यातल्या खिडक्यांप्रमाणे विचारणार. पहिल्याच शुक्रवारी त्याने उमेरला विचारलं, "काय रे, आज काय केलास?" उमेर म्हणाला, "काहीच नाही." तिकडून आवाज चढला. भाबीने झडप घालून फोन घेतला. "अवो, तुमचा चांद आदल्या दिवशी दिसला. तुमची आजची खिडकी ती आमची उद्याची!" आणि हे खरंच होतं. तिकडचा रमजान आमच्या एक दिवस आधी सुरू झाला होता. अकबर वरमला. त्यानंतर महिनाभर भाबीने हाच चांद वापरला. त्याने काहीही विचारलं की ते आमचं उद्याचं असायचं, आणि उद्या त्याचा फोन नसायचा.

नवव्या दिवशी मचव्याऐवजी मी आणि भाबी पोरांना घेऊन भाट्याच्या खाडीवर गेलो. बाबल्या म्हणून एक मच्छीमार आहे, माझ्या नवऱ्याचा मित्र, त्याच्या होडीतून फेरी ठरवली होती. ओहोटी लागली होती. होडीपर्यंत पोचायला चिखल तुडवत जायचं. माझा रोजा, डोक्यावर ऊन, एका हातात मनाल. मी गुडघ्यापर्यंत रुतले आणि माझी एक चप्पल जी गेली ती गेलीच. बाबल्या होडीत बसून हसत होता. मी तिथेच, चिखलात उभी राहून, अकबरच्या नावाने जे तोंड सोडलं ते ऐकून मनाल म्हणाली, "फुफू, अब्बांना असं नाय बोलायचं. त्यांनी आपल्याला होडी दिली."

होडी बाबल्याची. ठरवली माझ्या नवऱ्याने. चप्पल माझी. आणि दिली कोणी, तर अब्बांनी.

मनाल मात्र त्या दिवसापासून बदलली. आमच्याकडे लहान पोरांना पूर्ण रोजा झेपत नाही म्हणून एका दाढेचा रोजा धरायला सांगतात. एका बाजूने रोजा ठेवायचा, दुसऱ्या बाजूने खायचं. तेराव्या खिडकीत झोळीच्या जागी भाबीने लिहिलं: मनालने आज डाव्या दाढेचा रोजा ठेवावा. झालं, ती दिवसभर डाव्या गालावर हात ठेवून अख्ख्या आळीत फिरली. कोणी बिस्किट दिलं की मान वाकडी करून उजवीकडून खायची आणि चुकून डावीकडे गेलं की रडायची. मग तिने रोज तेच धरलं. पुढच्या शुक्रवारी फोन वाजला तेव्हा ती स्वतः धावत गेली, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, "अब्बा, माझी डावी दाढ रोज्याची हाय! तुमची कुठली?"

मग अकबरचा आवाज आला, "माझ्या दोन्ही."

"बापरे!" मनाल म्हणाली, आणि तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत राहिली.

त्यानंतर अब्बांचं राज्य सुरू झालं. पोरीने चार दिवसांत ओळखलं की अब्बांचं नाव घेतलं की अम्मी ऐकते. "अब्बांनी लिवलाय, आज आंघोळ नाय." "अब्बांनी लिवलाय, फुफूने मला पाठीवर घेऊन दुकानात न्यायचं." मी म्हटलं, दाखव कुठल्या खिडकीत लिहिलंय. तिने बिनधास्त सव्विसाव्या खिडकीवर बोट ठेवलं. भाबी हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पहाटे सहरीच्या जेवणाला उठायचं, दिवसभर शिवणाची मशीन, ईदच्या कपड्यांची आळीभरची कामं, आणि दुपारी उद्याच्या खिडकीची जुळवाजुळव. मी तिला सांगितलं, दोन दिवस सुट्टी घे, कोणी फाशी देत नाही. ती म्हणाली, "मनालने आज झोपताना विचारलं, अब्बा कुठल्या कुशीवर झोपतात. एवढं आलंय. आता सोडू?"

अठ्ठाविसाव्या रोज्याला, मंगळवारी, अकबर सकाळच्या गाडीने उतरला. आदल्या संध्याकाळी भाबीने भिंतीवरच्या कागदावरून आपल्या सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने सोडवल्या आणि चुलीत घातल्या. अकबरचं अक्षर परत वर आलं. मी तिच्याशी भांडले. महिनाभराची मेहनत जाळतेस? ती म्हणाली, "त्यांचा कागद हाय तो. त्यांना त्यांचा दिसू दे."

रिक्षा थांबली. उमेर धावला. आळीतली माणसं दारात आली. मनाल भाबीच्या मागे होती, पदर मुठीत धरून. अकबर बॅगा तिथेच टाकून पुढे आला आणि चार पावलांवर थांबला. त्याला पुढे यायचं धाडस होईना. खोटं कशाला बोलू, मीही मनात अल्लाची करुणा भाकत होते.

मनाल पदर सोडून चालत त्याच्यापाशी गेली. मान वर करून म्हणाली, "तोंड उघडा."

अकबर अंगणात उकिडवा बसला आणि त्याने तोंड उघडलं. तिने आत डोकावून आधी एक बाजू पाहिली, मग दुसरी. मग आपला हात त्याच्या गालावर ठेवला. अकबर तसाच, तोंड उघडं ठेवून, रडायला लागला. आळीच्या बायका रडल्या. मीही रडले आणि मला त्याचाही राग आला.

मग ती त्याची करंगळी धरून घरभर फिरली. एका दमात विचारत होती. त्या होडीवाल्याला तुम्ही काय सांगितलंत? येसूआजीला फिरनी द्यायची तुम्हाला कशी सुचली? गच्चीवर कावळा येणार हे तुम्हाला ठाऊक होतं? अकबर गोंधळून आमच्याकडे बघू लागला. "सांगतो हां," तो म्हणाला, "आधी हातपाय धुऊन वजू करून येतो," आणि परसदारी गेला.

बराच वेळ तो आला नाही. मी बघायला गेले. तो हातात तांब्या घेऊन उभा होता, आणि रामफळ जिथे होतं तिथल्या मोकळ्या आभाळाकडे बघत होता.

"झाड कुठं गेला?" त्याने विचारलं.

"दोन पावसाळे झाले पडून."

तो आत आला. ओटीवर जाऊन भिंतीवरच्या कागदासमोर उभा राहिला. पहिली खिडकी उघडली, वाचली. चौथी उघडली. माझ्याकडे वळून म्हणाला, "हलिमा खाला?" मी मान हलवली. मग तो नववीकडे गेलाच नाही.

दुपारी पोरं झोपली तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. भाबी वड्यांचं पीठ मळत होती, मी कांदा चिरत होते. तो पाटावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या दिवशी मी काय सांगितला होता?"

भाबीने त्याच्याकडे पाहिलं. "गच्चीवर इफ्तार."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तो शिकत होता. महिनाभर आपण आपल्या पोरांना काय काय सांगितलं, ते आता त्याला पाठ करायचं होतं, कारण मनाल उठली की विचारणार. भाबी एकेक दिवस सांगत गेली. तो पुटपुटत गेला. विसरला की मी तिसरीतल्या पोरासारखी त्याला परत म्हणायला लावत होते. अकराव्या दिवशी दोनदा चुकला, मी त्याच्यावर खेकसले. होडीचं ऐकून माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "दुसरी चप्पल घेऊ या." दाढेच्या दिवसाला तो थांबला आणि डोळे पुसले. मग पुन्हा पुढे. अठ्ठाविसावा दिवस आजचा, तो म्हणाला, आणि बाकीचे दोन तो स्वतः करणार होता.

सगळं म्हणून झालं. तो उठला नाही. बोटांवर काहीतरी मोजत बसला होता.

"उमेरला सात," तो म्हणाला. "मनालला अकरा. येसूबाईला एक. शेजाऱ्यांना, मशिदीला, मांजराला पण एक. मी लिवले ते पण तसेच होते." मग तो भाबीकडे बघून म्हणाला, "तिसात तुझ्यासाठी एक पण नाय, आसिया."

भाबीचे हात पिठात थांबले नाहीत. "लिवला असतात," ती म्हणाली, "तरी तो मीच करायला लागला असता." आणि मग, पिठाकडे बघतच, "लय दमलेय मी."

अकबर मान खाली घालून बसला. मी सुरी खाली ठेवली. त्याच्या तीस खिडक्या मी वाचल्या होत्या, तिच्या तीस चिठ्ठ्या सुचवायला बसले होते, दोन्हींना महिनाभर नावं ठेवली होती. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. राग करायला मला जगातलं सगळं सुचलं, एवढं एक सोडून. मी परात तिच्या पुढ्यातून ओढून घेतली आणि म्हटलं, "ऊठ. जाऊन पड. इफ्तारचं आम्ही दोघं बघतो."

"वडे जाड करू नको," ती म्हणाली. हात धुतले, आणि खरंच जाऊन पडली.